काय बाई ही क्रोशाची भानगड!

ऐकलंत का? म्हणजे मी काही कुणाच्या चहाड्या करणाऱ्यातली नाही, पण रावेतपासून मोशीपर्यंत आणि पिंपळे सौदागरपासून थेट चाकणपर्यंत चांगल्या चांगल्या घरच्या बायका बिघडल्या आहेत. कालपरवापर्यंत नीट होत्या हो. सकाळी डबे, दुपारी जरा पडणं, संध्याकाळी सोसायटीत दोन फेऱ्या आणि रात्री मालिका. आता मालिका लागते, पण बघत कुणीच नाही. सासूनं सुनेच्या दुधात काय कालवलं म्हणून विचारावं, तर उत्तर येतं, 'थांबा, सात, आठ, नऊ...' कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या की खांब, असा प्रश्न आला की बाई खांब मोजतात आणि डाळीचं पिठलं होतं. घरातली माणसं गपचूप खातात. बोलणार कोण? दिवाळी तोंडावर आली, सोसायटीच्या प्रदर्शनात टेबल घेऊन झालं होतं, तरी तोरणं निम्मीसुद्धा झालेली नव्हती.

साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. आकडीच्या एका सुईला येतं ते एवढंच. पण एवढ्यावर या बायकांनी काय काय उभं केलंय ते बघायला क्लबहाऊसमध्ये या. तोरणं तर आहेतच. ताटाभोवतीची महिरप आहे. आणि रांगोळी! लोकरीची रांगोळी, बरं का. ठिपके नाहीत, चिमटीत रंग नाही, पाठ दुखत नाही. पाडव्याला दारात अंथरायची, भाऊबीज झाली की झटकून घडी घालायची, मळली तर वॉशिंग मशीनमध्ये टाकायची. आमच्या पलीकडच्या आजींनी ती पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, 'लक्ष्मी घसरेल गं.' बाळकृष्णाला स्वेटर आहे, कानटोपी आहे, मोजेसुद्धा आहेत. पिंपरी-चिंचवडच्या थंडीला माणसांना मोजे लागतात ते वर्षातून पंधरा दिवस, पण देवाची हौस निराळी. फारसं पाणी न लागणारा निवडुंग आधीच एक होता, आता पाणी अजिबातच न लागणारा विणलेला निवडुंग आलाय. ट्यूलिपचे गुच्छ आहेत, सूर्यफुलं आहेत. पणतीला बसवायचं लोकरीचं कोंदणही मी डोळ्यांनी पाहिलं. वात, तेल, ज्योत आणि तिला खेटून लोकर! सोसायटीच्या अग्निशमनाच्या नळ्या एकदा तपासून घ्या म्हणावं.

पण या सगळ्यावर कडी केली ती लिंबू-मिरचीनं. क्रोशाचं लिंबू, क्रोशाच्या सात मिरच्या, गाडीच्या आरशाला टांगायला. आता विचार करा, गाव कुठलं? चाकण. जिथे फोक्सवॅगन आणि मर्सिडीज २००९पासून गाड्या बनवतात, जिथे सांगाडा जोडायला यंत्रमानवांचे हात रांगेनं झुकतात, मापात केसाइतकी चूक चालत नाही. त्या गाडीत एअरबॅगा आहेत, पट्टे आहेत, ब्रेक घसरू नये म्हणून संगणक आहे. आणि शेवटची सुरक्षा वाकडच्या चौथ्या मजल्यावरच्या वहिनींकडे. म्हणे, खरं लिंबू सुकतं, हे सुकत नाही. नजर लावणाऱ्यानं काय वर्षभर थांबायचं?

या बिघडण्यात मेट्रोचा हात आहे, हे माझं स्पष्ट मत. पूर्वी लोकर आणायची म्हणजे पिंपरीहून लोकल किंवा बस, मग रिक्षा, मग तुळशीबागेत चेंगराचेंगरी. बाई दमून एकाच फेरीत वर्षाची लोकर आणायची. २९ सप्टेंबर २०२४ला मेट्रो शिवाजीनगरच्या न्यायालयापासून पुढे स्वारगेटपर्यंत गेली आणि मधे मंडई स्थानक झालं. झालं! पीसीएमसीच्या स्थानकात बसायचं, गार हवेत चार ओळी विणायच्या, मंडईला जमिनीखालून वर यायचं, समोर तुळशीबाग. आता 'जांभळा एक गुंडा कमी पडला' एवढ्यासाठी बायका पुण्याला जाऊन येतात. एक गुंडा आणायला गेलेली बाई एक गुंडा घेऊन परत आली, असं मात्र अजून ऐकिवात नाही. कपाटात साड्यांच्या मागे लोकर लपवतात. नवऱ्यांनी दारूच्या बाटल्या लपवाव्यात तशी, म्हणजे नवरेच बरे म्हणायची वेळ आली.

शिवणवाल्या म्हणजे निराळी टोळी. त्या स्वतःला क्रोशावाल्यांपेक्षा जरा वरच्या समजतात, कारण त्यांच्याकडे मशीन आहे. त्यांचे खणाचे बटवे, इरकलीच्या काठांच्या पिशव्या, चष्म्याची घरं. इथवर ठीक. पण एकीनं आईची पैठणी कापली. होय, कापली! पदराच्या मोरांचे मोबाइलचे बटवे केले, आणि मोर मधोमध यावा म्हणून उरलेलं कापड वाया घालवलं. साडी विरली होती, घडीवर फाटली होती, हे सगळं खरं. तरी पैठणीला कात्री लागली म्हटल्यावर सी विंगमध्ये दोन दिवस सुतकासारखी शांतता होती. तिसऱ्या दिवशी सगळे बटवे विकले गेले आणि पहिलं गिऱ्हाईक शांतता पाळणाऱ्यांतलंच होतं.

आता तुम्ही म्हणाल, हे खूळ आमच्याकडचंच. छे! ३१ जानेवारी २०१६ला चेन्नईत बायकांनी एक पांघरूण जोडलं, क्रोशाचं, ११,१४८.५ चौरस मीटरचं. गिनीज बुकात गेलं ते. चौरस मीटर आपल्याला कळत नाहीत म्हणून एकरात सांगते, पावणेतीन एकर! चाकणात एवढ्या जमिनीला काय भाव आहे, ते विचारूच नका. ठिकठिकाणच्या बायकांनी घरबसल्या चौकोन विणून पाठवले होते. मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स असं त्या जमावाचं नाव, त्यामुळे पोलिसांना कळवूनही उपयोग नव्हता.

बरं, विणा, शिवा, काय हवं ते करा. पण या बायका त्याचे पैसे मागतात! इथे मला खरा धक्का बसला.

तोरण हातात घेतात लोक, उलटंपालटं करतात, दोरा ओढून बघतात. 'केवढ्याला?' 'साडेतीनशे.' 'साडेतीनशे! लोकरीचं?' मग ते हमखास वाक्य येतं, 'घरीच तर केलंय ना?' म्हणजे घरी केलं की ते आपोआप झालं. घराला स्वतःचे हात असतात, ते रात्री विणत बसतात, बाई फक्त सकाळी उचलून टेबलावर ठेवते. हा प्रश्न विचारणारे कोण? तर ज्यांचा अख्खा दिवस सेकंद मोजण्यात जातो ते. या गावात एक बोल्ट आवळायला किती वेळ लागतो, याचा तक्ता भिंतीवर असतो. हात दोन इंच जास्त लांब जातो म्हणून खोकं सरकवतात आणि त्या सरकवण्याला कायझेन म्हणून बक्षीस घेतात. चहाच्या सुट्टीत दोन मिनिटं कमी झाली तर युनियन गेटवर. आणि हीच माणसं तोरणापुढे उभी राहिली की घड्याळ कुठे जातं कोण जाणे.

हिशेब करू या? समजा, मध्यम तोरणाला बारा तास लागले, लोकर-मणी शंभर रुपयांचे. साडेतीनशेतून शंभर गेले, उरले अडीचशे, तासाला एकवीस रुपयेसुद्धा नाहीत पुरते. त्यातही टेबलाचं भाडं द्यायचंय. १९४८चा कारखाने कायदा सांगायचा, दिवसाला नऊ तासांच्या वर काम झालं की दुप्पट दर. नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर तो दुप्पट दर दिसतो, आणि त्याच घरात रात्री साडेअकराला खांब मोजणाऱ्या बाईला तोच नवरा म्हणतो, 'झोप आता, किती टाइमपास करशील?'

हा टाइमपास शब्द फार जुना गुन्हेगार आहे हो. आंध्रात नरसापूर म्हणून गाव आहे, तिथल्या लेसला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मारिया मीस नावाच्या जर्मन बाईंनी तिथल्या विणणाऱ्या बायकांवर १९८२मध्ये पुस्तक लिहिलं. लेस परदेशी जायची, व्यापारी गबर व्हायचे, आणि बायकांना मिळायचं जवळजवळ काहीच नाही. का? तर त्या कामगार नाहीतच मुळी. त्या गृहिणी, रिकाम्या वेळात विरंगुळा म्हणून विणतात. त्यांचा रिकामा वेळ दिवसाला सहा-सहा, आठ-आठ तासांचा होता. असा रिकामा वेळ मलाही कुणीतरी दाखवा.

आपल्या गावातही गृहिणींनी काम केल्याचा पुरावा आहे, उगाच नाही बोलत. टेल्कोच्या कामगारांच्या घरच्या बायकांसाठी सत्तरच्या दशकात पिंपरीत 'गृहिणी' संस्था निघाली. तिथे लोणची-मसाले झाले, तसे गाड्यांना लागणारे तारांचे जुडगेही बायकांच्या हातांनी बांधून झाले. म्हणजे हातानं बांधलेली तार ट्रकमध्ये गेली की तो सुटा भाग, आणि हातानं बांधलेला दोरा दारावर गेला की हौस.

गंमत पुढेच आहे. मोजे विणायचं यंत्र इंग्लंडात विल्यम ली नावाच्या पाद्र्यानं १५८९ला केलं; दोन सुयांचं विणकाम यंत्राला केव्हाच जमलं. क्रोशासारखी दिसणारी जाळीही यंत्रावर निघते. पण खरा क्रोशा, एकेक टाका ओढून काढलेला, तो अजूनही हाताचाच. म्हणून मॉलमध्ये खऱ्या क्रोशाचं जाकीट स्वस्तात टांगलेलं दिसलं की खुशाल समजावं, जगाच्या पाठीवर कुठेतरी एका बाईनं ते केलंय, आणि तिलाही कुणीतरी 'घरीच तर केलंय ना' म्हटलंय. चाकणचा यंत्रमानव दिवसभर ठिणग्या उडवतो, पण त्याच्या हातात आकडीची सुई द्या. बघू.

आता खालच्या आवाजात एक सांगते. सगळीच टेबलं हाताची नसतात. रविवार पेठेतून डझनाच्या भावानं आणायचं, मूळची चिठ्ठी कापायची आणि सुतळीनं 'प्रेमाने हाताने बनवलेले' अशी चिठ्ठी बांधायची. हाताने बांधलेली असते, तेवढं खरं. ओळखायचं कसं? पन्नास तोरणं तंतोतंत एकसारखी दिसली की संशय घ्यावा. खऱ्या विणणारीचं पाचवं तोरण पहिल्यापेक्षा घट्ट असतं, आणि ज्या दिवशी सासूबाई राहायला आल्या त्या दिवशीचं तर फारच घट्ट.

ज्यांना सोसायटीचं क्लबहाऊस छोटं पडतं, त्या पवनाथडीची वाट बघतात. महापालिका बचत गटांच्या बायकांसाठी ही जत्रा भरवते, बऱ्याचदा सांगवीच्या पीडब्ल्यूडी मैदानावर. स्टॉलसाठी सोडत निघते आणि नशीब लागतं. नंबर लागला तरी पुढे काय? गर्दी असते मासवडीला, खेकड्याच्या रश्श्याला, चुलीवरच्या भाकरीला. लोकरवाल्या बायका चार दिवस रश्श्याचा वास घेत बसतात आणि तोरणांनाही तो लागतो. लोक येतात ते हात पुसायला कागद आहे का विचारायला. तरी पुढच्या वर्षी अर्ज पुन्हा भरतात. आहे की नाही व्यसन?

आणि आता ताजी बातमी. पुरुषांना लागण झाली. एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले काका, आयुष्यभर मायक्रोमीटर हातात, घरी बसून कंटाळले आणि बायकोला 'तुझे टाके असमान येतायत' म्हणाले. ती म्हणाली, 'मग तुम्हीच करा.' केलं त्यांनी. कुणी हसलं की ते टोकियोचा दाखला देतात. २०२१च्या ऑलिम्पिकमध्ये टॉम डेली हा डायव्हर सुवर्णपदक घेऊन प्रेक्षकांत विणत बसला होता आणि पदक ठेवायला त्यानं पिशवीही विणली होती. काका आता गुरुवारी, म्हणजे भोसरी-पिंपरीच्या बऱ्याच कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, जुन्या सहकाऱ्यांना बागेच्या कट्ट्यावर खांब शिकवतात. तिथे दर दहा ओळींना तपासणी होते. नापास तुकडा उसवतात.

प्रदर्शनात काकांनी बायकोशेजारी टेबल मांडलं. तीच लोकर, तेच बारा तास, तोरणही, खरं सांगायचं तर, जरा राठच. पण त्यांनी पुढ्यात कागद लावला होता, आखलेला, दोन रकान्यांचा. लोकर व मणी, १२० रुपये. मजुरी, बारा तास, तासाला ७० रुपये. खाली टीप: घरातील नऊ तासांची पाळी आधीच पूर्ण झाली असल्याने सर्व तास जादा कामाचे, दर दुप्पट. एकूण १८०० रुपये.

नऊ तासांची पाळी, म्हणे! काकांच्या घरचे डबे, धुणी आणि नातवाची शाळा कोण बघतं, हे सगळ्या विंगना माहीत आहे. काकूंनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला, एक शब्द बोलल्या नाहीत. एवढ्यात चाकणच्या कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक गृहस्थ आले. काकूंच्या टेबलावर त्यांनी साडेतीनशेचं तोरण तीनशेला मागितलं होतं. काकांचा कागद मात्र शेवटपर्यंत वाचला, मान डोलावली, 'कॉस्टिंग बरोबर आहे' म्हणाले आणि १८०० मोजून गेले. घासाघीस नाही, काही नाही.

काकूंनी लगेच काकांच्या टेबलावरचा कागद काढून घेतला, त्यावरचं काकांचं नाव खोडून आपलं घातलं आणि साडेतीनशेची चिठ्ठी फाडली. दुपारपर्यंत आठ टेबलांवर त्याच्या झेरॉक्स लागल्या होत्या. खप थोडा कमी झाला म्हणतात, पण टेबलांमागे एकीच्याही चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता. काका मात्र ज्याला त्याला सांगत फिरतायत की तो कागद मूळचा त्यांचा.