लावून तर बघ

चेहऱ्यावर काही उठलं की आमच्या इमारतीत आधी डॉक्टरांकडे जायची पद्धत नाही. आधी लिफ्टमध्ये शिरायचं. लिफ्ट तळमजल्यावरून निघून दुसऱ्या मजल्यावर येईतो काकूंनी तुमची हनुवटी दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवलेली असते. तिसऱ्यावर त्या ‘हं’ म्हणतात. चौथा यायच्या आत पर्समधून शेपटाकडून गुंडाळत आणलेली, पोट खपाटीला गेलेली एक ट्यूब बाहेर येते.

“लावून तर बघ!”

काकूंचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण सगळी विंग त्यांना ‘लावून-तर-बघ काकू’ म्हणूनच ओळखते. अशी काकू प्रत्येक इमारतीत असते. कुठे ती मामी असते, कुठे आत्या. ऑफिसात ती जेवणाचे डबे उघडताना भेटते, आणि सकाळच्या डोंबिवली लोकलच्या लेडीज डब्यात तर तीन-तीन असतात, त्यांच्यात मतभेदही होतात. पुरुषांतही ही जमात आहे. फक्त ते ट्यूब गजकर्णासाठी देतात आणि देताना आवाज खाली आणतात.

काकूंचं वय बासष्ट. अजून बिनचष्म्याने सुईत दोरा ओवतात आणि हे दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगतात. त्याच डोळ्यांना ट्यूबच्या खोक्यावरची इशाऱ्याची बारीक अक्षरं मात्र आजवर दिसलेली नाहीत. “ते कंपनीवाले लिहितातच काहीतरी.”

ट्यूब घरात आली ती रीतसर, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. अकरा वर्षांपूर्वी काकूंच्या हाताला भांड्यांच्या साबणाने खाज सुटली होती, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिली होती, पाच दिवसांसाठी. खाज चौथ्या दिवशी गेली. ट्यूब राहिली. ती चिठ्ठी आजही देव्हाऱ्याखालच्या खणात आहे, पण तिची गरज कधी लागली नाही, कारण काकू मेडिकलमध्ये नुसती संपलेली ट्यूब दाखवतात आणि काउंटरवरचा मुलगा भरलेली काढून देतो. पूर्वी आरेच्या केंद्रावर रिकामी बाटली देऊन दुधाची भरलेली आणायचो, तसंच. २०१८ साली सरकारने असली चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. ही बातमी आमच्या मेडिकलपर्यंत पोचली असावी, कारण तेव्हापासून तो मुलगा ट्यूब कागदी पिशवीत घालून देतो.

काकूंना नावं ठेवणं सोपं आहे. पण त्यांनी कुणाकडून कधी एक पैसा घेतलेला नाही. वॉचमनच्या बायकोला दिली, कामवाल्या मावशींना दिली, दहावीतल्या मुलाच्या पुटकुळ्यांवर दिली, एका नवऱ्यामुलाच्या दाढीच्या जळजळीवर हळदीच्या आदल्या दिवशी दिली. प्रत्येकाच्या गालावर पहिला ठिपका स्वतःच्या बोटाने लावला. आजच्या काळात कोण कुणाच्या गालाला हात लावतं?

माझा नंबर लागला सदतिसाव्या वर्षी. गरम चहा घेतला की गाल पेटायचे. पोळ्या करताना पेटायचे, स्टेशनवरून उन्हात चालत आले की पेटायचे, आणि साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं की न बोलता सगळं सांगून टाकायचे. नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक पुळ्या. आपल्या गव्हाळ कातडीवर लाली नीटशी दिसत नाही, त्यामुळे कुणी म्हणे मुरमं, कुणी म्हणे ऊन लागलंय. काकू म्हणाल्या, “पित्त आहे. बाहेर पडतंय. लावून तर बघ.”

लावली. आणि खोटं कशाला सांगू, चौथ्या दिवशी मी आरशात बघून लाजले. पुळ्या गायब, लाली गायब, वर गाल चक्क एक पट्टी उजळ. काकूंनी मला प्रदर्शनातल्या पैठणीसारखं पाचव्या मजल्यापासून खालपर्यंत फिरवून आणलं. माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या रंगाबद्दल चांगला शब्द काढला. त्या आठवड्यात काकूंनी सहा नवीन गाल घेतले.

हा उजळपणा म्हणजे काय ते मला पुढे एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. स्टेरॉइड कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून जागा फिकी पडते. १९६२ पासून या मलमांचा जोर मोजायची एक रीतच अशी आहे, की कातडीवर लावून ठेवायचं आणि ती जागा किती पांढरी पडते ते बघायचं. आम्ही ज्याला तेज म्हणत होतो ते औषधाचं वजन होतं. तसं बघायला गेलं तर फसल्या त्या एकट्या काकू नाहीत. १९४८ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन टोचलं, तर काही दिवसांत ती उठून बाजारात खरेदीला गेली. दोन वर्षांत त्या शोधाला नोबेल मिळालं. मागून काय काय येतं ते लक्षात यायला वेळ लागला. अंथरुणातली बाई खरेदीला निघालेली बघून भल्याभल्यांचे डोळे दिपतात, तिथे लिफ्टमध्ये काकूंचं काय?

तीन आठवड्यांनी ट्यूब संपली आणि मी गावी गेले होते, म्हणून दोन दिवस राहिली लावायची. तिसऱ्या दिवशी चेहरा तव्यावर ठेवल्यासारखा झाला. पूर्वी नुसता पेटायचा, आता धगधगायला लागला. फोन केला.

“बघ! बंद केलीस ना?” काकू विजयी आवाजात म्हणाल्या. “लावली की बरं वाटतं, थांबवली की वाढतं. म्हणजे औषध किती लागू पडतंय!”

या युक्तिवादाला उत्तर नाही. मी वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करते, रोज दोन्ही बाजू ऐकते, तरी मला नाही सापडलं. बरं वाटलं तर ट्यूबमुळे, आणि बिघडलं तर ट्यूब नव्हती म्हणून. दारूबद्दल हेच कुणी बोललं असतं तर काकूंनीच त्याला व्यसनमुक्तीला नेलं असतं.

असे आठ महिने गेले. आधी एकदा लावायची, मग दोनदा, मग पर्समध्येच ठेवायची. कातडी कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी झाली. दोन्ही गालांवर बारीक लाल शिरा उमटल्या, कल्याणला मध्य रेल्वेचे दोन फाटे होऊन एक कसाऱ्याला आणि एक कर्जतला जातो ना, अगदी तशा. कानशिलांवर लव वाढली. त्याचं खापर फोडायला काकूंकडे डोकी पुष्कळ होती. आधी वांगं बंद झालं, मग टोमॅटो. मग गच्चीवरच्या टाकीतलं पाणी, पाळीच्या तारखा, खिडकीतली कबुतरं. माझ्या नवऱ्याचं नवीन आफ्टरशेव्हसुद्धा संशयितांत होतं. ज्या वस्तूला कुणी कधी विचारलं नाही, ती टोपण घट्ट लावून पर्समध्ये निजली होती.

डॉक्टरीणबाईंनी माझा चेहरा बघितला आणि गालाला हात न लावता विचारलं, “कोणती ट्यूब?” काय झालंय, कधीपासून, काही नाही. सरळ, कोणती ट्यूब. मला तर ज्योतिषाकडे आल्यासारखं वाटलं.

तर माझा मूळ आजार रोझेशिया. त्याच्यावर स्टेरॉइड लावून मी त्याचा दुसरा मजला बांधला होता, त्याला स्टेरॉइड रोझेशिया म्हणतात. मलमाने सूज आणि लाली दाबली जाते, ती जात नाही. मलम काढलं की आवळलेल्या रक्तवाहिन्या दुप्पट फुलतात, मग माणूस घाबरून पुन्हा मलम लावतो. बाई म्हणाल्या, “तुम्ही एकट्या नाही.” देशभरातल्या बारा त्वचाकेंद्रांनी मिळून केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचे आकडे त्यांना तोंडपाठ होते. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ जणांपैकी ४३३ जण स्टेरॉइड लावत होते, आणि त्यांतल्या २५७ जणांना ते सुचवणारं माणूस डॉक्टर नव्हतंच.

दोनशे सत्तावन्न! माझ्या डोळ्यांपुढे दोनशे सत्तावन्न लिफ्ट वर-खाली करायला लागल्या.

उपचार म्हणजे गोळ्या, दुसरं सौम्य मलम, सनस्क्रीन, कोमट चहा आणि ट्यूब बंद. कोमट चहा सगळ्यात जड गेला. पहिले तीन आठवडे चेहरा इतका भडकला, की लोकलमध्ये बायका मला न सांगता बसायला जागा द्यायच्या. काकू रोज संध्याकाळी दार वाजवायच्या. हातात वाटी, वाटीत सब्जा, आणि वाटीखाली लपवलेली ट्यूब. “एवढुसा ठिपका. कुणाला कळणारेय?” माझ्या यातना बघवत नव्हत्या त्यांना, डोळ्यांत पाणी यायचं. आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मात्र त्यांना बरं वाटलं. “रोझेशिया? गुलाबावरून ठेवलंय वाटतं. छान आहे.”

पाच महिन्यांनी मी माणसांत आले. शिरा अजून आहेत, कसारा थोडा पुसट झालाय. आणि एके दिवशी लिफ्टमध्ये माझं लक्ष काकूंच्या चेहऱ्याकडे गेलं. त्या इतकी वर्षं दुसऱ्यांचे चेहरे उजेडाकडे वळवत होत्या, की त्यांचा स्वतःचा कायम अंधारात राहिला होता. मी त्यांची हनुवटी धरली. त्या दचकल्या. पावडरच्या थराखाली मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे आणि हार्बर, तिन्ही होत्या.

“मला काय धाड भरलीय?” पाचवा मजला येईपर्यंत त्या हेच म्हणत होत्या. पाचव्यावर म्हणाल्या, “फी किती घेते गं ती?”

फोनवर वेळ घेताना घरातल्या सगळ्या ट्यूबा आणायला सांगितल्या होत्या. काकूंनी त्या श्रीखंडाच्या डब्यात भरून आणल्या. डॉक्टरीणबाईंनी एकेक टेबलावर ओळीने मांडली. अकरा निघाल्या. काही नुसत्या स्टेरॉइडच्या, आणि काही मिसळपाव, म्हणजे एकाच ट्यूबमध्ये स्टेरॉइड, जंतूंचं औषध आणि बुरशीचं औषध. काकूंना तीच सर्वांत आवडायची, एका पैशात तीन औषधं. बाईंनी अकरांतल्या सात ट्यूबा बाजूला सरकवल्या आणि म्हणाल्या, “नावं वेगळी आहेत, आतलं औषध एकच.”

काकू गप्प झाल्या. मला वाटलं, अकरा वर्षं मनात हिशेब घालतायत. वॉचमनची बायको, मावशी, दहावीतला मुलगा, मी.

“एकच?” त्या शेवटी म्हणाल्या. “मग ही अडतीसला आणि ही एकशे दहाला कशी हो?”

स्वतःच्या चेहऱ्याबद्दल त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. हळूहळू कमी करायची, मग बंद, उन्हात छत्री, पुन्हा तीन आठवड्यांनी दाखवायला यायचं. पण एकशे दहा रुपयांचं दुःख पार रिक्षापर्यंत पुरलं. रिक्षात एक पाय ठेवला आणि त्या थांबल्या.

“डबा राहिला.”

“राहू द्या हो काकू.”

“अगं झाकणाचा आहे. घट्ट बसतं त्याचं झाकण.”

त्या जिना चढून गेल्या आणि डबा छातीशी धरून परत आल्या. फाटकाशी रिक्षाला जोराचा गचका बसला आणि डब्यात काहीतरी वाजलं.

“चष्मा आहे,” काकू बाहेर बघत म्हणाल्या.