शिसवीचा सोस

वहिनी, फणस कापताय का? कापा, कापा, तुमचे हात चालू देत. मी इथे गडग्याशी उभी राहूनच सांगते. आमच्या ह्यांनी गिटार आणली. हो, होतीच की एक, यामाहाची, बँकेत असताना घेतलेली. तीच वाजवत हे निवृत्त झाले. आता म्हणाले, चांगली घ्यायची. किती चांगली म्हणाल, तर लाखाच्या पुढे. अय्या म्हणून झालं असेल तर पुढचं ऐका, खरी मजा पुढेच आहे.

जुनी गिटार प्लायवूडची. पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले. मजबूत असते, पण आवाज दबका. पैसे जास्त टाकले की लाकूड एकसंध मिळतं. तुमच्या माहेरी मिरजेला तंबोऱ्याची तबली म्हणतात ना, तीच गिटारची पुढची फळी. तार घोडीला हलवते, घोडी फळीला, आणि आवाज निघतो तो मुख्यतः त्या फळीतूनच. बहुतेक वेळा ती सिट्का स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाची, थेट अलास्काच्या बाजूची. दुकानात ‘सॉलिड टॉप’ अशी पाटी दिसली की हुरळून जायचं नाही हं. पुढची फळी तेवढी एकसंध, पाठ नि कुशी प्लायवूडच्या असू शकतात. सगळी एकसंध हवी तर ‘ऑल सॉलिड’ लिहिलेलं लागतं. किमतीतला मोठा फरक तिथेच पडतो.

पण ह्यांना वेड लागलं होतं पाठीचं. पाठ शिसवीच हवी! मागच्या महिन्यात हे तुमच्या झोपाळ्याच्या फळीवर टिचक्या मारत होते, आठवतं? तुम्हाला वाटलं वाळवी बघतायत. वाळवी कुठली, शिसवीचा नाद ऐकत होते! अमेरिकेत मार्टिन म्हणून कंपनी आहे, 1833 सालची, आता पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावात. तिची डी-28 गिटार फार नावाजलेली. तिची पाठ आधी ब्राझीलच्या शिसवीची असे. ते लाकूड मिळेनासं झालं, तशी 1969 च्या अखेरीस कंपनी आपल्या शिसवीकडे वळली. पुढे 1992 मध्ये ब्राझीलच्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच बंदी आली. म्हणजे बघा, झाड आपल्या दक्षिणेतलं, कापून समुद्रापार जातं आणि गिटार होऊन परत येतं, ते आपल्याला परवडणार नाही अशा भावात.

तेवढ्यात माझ्या भाच्याने फोनवर ह्यांच्या शिसवीवर पाणी ओतलं. इंग्लंडात लँकेस्टर विद्यापीठातल्या लोकांनी 2018 मध्ये एक प्रयोग छापला. एकाच कारागिराकडून सहा गिटारी करवून घेतल्या. पुढची फळी सारखी, घडण सारखी, फक्त पाठ नि कुशी वेगवेगळ्या लाकडांच्या. महागडी ब्राझीलची शिसवी, आपली शिसवी, महॉगनी, मेपल, असं. मग 52 वादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यांचे काळे चष्मे चढवून वाजवायला बसवलं. गुण द्यायला सांगितले, तर सगळ्या गिटारींना जवळजवळ सारखेच! कुठली कोणती तेही धड ओळखता येईना. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जणू प्रयोग मीच केला होता.

मुंबईला धोबी तलावाच्या दुकानात जायचं ठरलं, तेव्हा मी सांगितलं, मी येणार आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसणार. दुकानातल्या मुलाला म्हटलं, बाबा रे, एकच तुकडा प्रत्येक गिटारवर वाजव, आणि नाव नि किंमत तोंडातून काढू नकोस. तो हसला, पण वाजवलं त्याने. ह्यांनी पसंत केली ती शिसवीची नव्हतीच. मार्टिनचीच, पण पुढून-मागून महॉगनीची आणि अंगाने लहान. नक्षी नाही, चकाकी नाही. एवढ्या पैशात चकाकीसुद्धा नाही, असं माझ्या तोंडून निघून गेलं. पण आवाज कोरडा, स्वच्छ, सूर सूर सुटा ऐकू येतो.

लहान अंगाचं कारणही तसंच आहे. ती मोठ्या पोटाची गिटार असते ना, सगळे सिनेमात घेऊन फिरतात ती, तिला ड्रेडनॉट म्हणतात. ब्रिटिशांच्या युद्धनौकेचं नाव! 1916 च्या सुमाराला निघाली. गाणाऱ्याला साथ करायची, चारचौघांत पोचायचं, तर ती उत्तम. हे वाजवतात घरात बसून, बोटांनी, हळूहळू. त्यात उजवा खांदा धरलेला. एवढ्या मोठ्या खोक्यावरून हात टाकायचा म्हणजे रोज मलम चोळायला मी आहेच. मानेची रुंदीही बघितली. वरच्या टोकाला 43 मिलिमीटर आणि साडेचव्वेचाळीस, एवढाच फरक, पण ह्यांच्या जाड बोटांना तो लगेच कळला.

आता तुम्हाला पटेल अशी गोष्ट. तंबोरा कितीही भारी आणा, जवारी नीट लागली नाही तर तो बोलतो का? गिटारचंही तसंच. सहा तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण असतो. मान किंचित वाकते, तारा उचलल्या जातात आणि बोटं दुखतात. मानेत लोखंडी सळई असते, ती पिळून बाक जुळवायचा, घोडीवरची हाडाची पट्टी घासून तारा खाली आणायच्या. ह्यांनी ते मुंबईतच एका कारागिराकडून करून घेतलं. मी तर म्हणते, निम्म्या लोकांना नवी गिटार नकोच असते, जुनी नीट लावून हवी असते. हे मी ह्यांना म्हटलं नाही. पैसे देऊन झाले होते.

खरी फजिती आता मृग लागल्यावर. एकसंध लाकूड हवेतलं पाणी पितं. बनवणारे सांगतात, हवेतली आर्द्रता 45 ते 55 टक्के ठेवा. आपल्या रत्नागिरीत! आषाढात इथे मीठ सुटतं, बुटांना बुरशी येते, तिथे गिटारचं काय? फळी फुगते, घोडी वर येते, तारा पुन्हा उंच. म्हणून ती पेटीत बंद, आत सिलिका जेलच्या पिशव्या आणि आर्द्रता दाखवणारं घड्याळासारखं यंत्र. हे रोज सकाळी आधी त्या यंत्राचा आकडा बघतात, मग रक्तदाबाची गोळी घेतात. पावसाळाभर वाजवायला जुनी प्लायवूडची, तिला दमट हवेचं एवढं काही वाटत नाही. म्हणून ती विकायची नाही, असं ठरलंय. म्हणजे आता घरात दोन.

बरं, एक काम करा. किमतीचा आकडा भावोजींना सांगू नका. परवाच ते ह्यांच्याशी जर्मन सुरांच्या हार्मोनियमबद्दल बोलत होते, आणि उद्या तुम्ही गडग्यावर येऊन माझ्यावर डाफराल. गरे मात्र पाठवा हो, कापा असेल तर.