मुलींच्या पाठीला डबा बांधा

गेल्या महिन्यात मराठवाड्यातल्या एका गावी किशोरी मेळाव्याला गेले होते. जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा, खाली सतरंजी आणि तिच्यावर दाटीवाटीने बसलेल्या पस्तीसेक मुली. विषय होता मुलींची सुरक्षितता. दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, तीन भाषणं झाली. तिन्ही भाषणांत मुलींनी काय करू नये तेवढंच होतं. उशिरा बाहेर राहू नका, फोनवर फोटो टाकू नका, अनोळखी माणसाशी बोलू नका, आईबापाची मान खाली जाईल असं वागू नका. मग तालुक्याहून आलेल्या प्रशिक्षकाने कराटेची प्रात्यक्षिकं करून घेतली. दोन मुलींनी कौलं फोडली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले.

शेवटी माझी पाळी आली. लिहून आणलेलं भाषण पिशवीतच राहू दिलं आणि मुलींना म्हटलं, "उभ्या राहा. 'सोड' म्हणून ओरडायचं. समोरच्या किराणा दुकानात ऐकू गेलं पाहिजे."

कुणी ओरडेना. पहिल्या रांगेतल्या एकीने तोंडावर ओढणी धरली. दुसरी खाली बघून हसली. तिसरीने तोंड उघडलं, गळ्याची शीर ताठ झाली आणि बाहेर पडला तो शेजारणीलाही जेमतेम ऐकू जाईल एवढा 'सोड'. पोर कावरीबावरी झाली. "ताई, आवाजच निघंना," म्हणाली.

चौदा वर्षांची ती मुलगी डोक्यावर दोन हंडे घेऊन रोज वाडीपर्यंत चालते. अंगात बळ आहे. तिचा आवाज आपण काढून घेतलाय. हळू बोल, दात काढू नको, पाहुणे आलेत, आत जा. बारा वर्षं हेच ऐकलेल्या पोरीचा कुणी हात धरला, तर ती ऐन वेळी ओरडेल कुठून?

सातव्या-आठव्या खेपेला मात्र आवाज फुटला. आधी चौघींचा, मग सगळ्यांचा. दुकानदार पायरी उतरून रस्त्यावर आला. खिचडी शिजवणाऱ्या मावशी हातात उलथनं घेऊन धावत आल्या. मुली हसत होत्या, पण त्यांचे खांदे वर आले होते. अर्धा तास लागला आणि एक पैसा लागला नाही.

आता त्या कौलांविषयी. कराटेला माझा विरोध नाही. वर्षभर, आठवड्यातून दोनदा शिकवणार असाल तर जरूर शिकवा. पण एका दुपारच्या प्रात्यक्षिकाने मुलगी सुरक्षित झाली असं मानणं ही तिची फसवणूक आहे. शिवाय त्या प्रात्यक्षिकातला हल्लेखोर नेहमी अंधारातून येणारा परका गुंड असतो. लहान मुलींवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीतला असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगतायत. नात्यातला, शेजारचा, शिकवणीचा, रिक्षाचा. त्याच्या नाकावर ठोसा मारायचा नसतो. त्याचा पाठीवर रेंगाळणारा हात झटकायचा असतो आणि 'मला हात लावू नका' हे चारचौघांत, पूर्ण वाक्यात म्हणायचं असतं. हे कौल फोडण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. म्हणून त्याचा सराव हवा. एकीने काका व्हायचं, दुसरीने नाही म्हणायचं, मग अदलाबदल. दर आठवड्याला.

आणि नाही म्हणून झाल्यावर पुढे काय? मुलीने सांगायचं कुणाला?

इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. त्याच व्हरांड्यात मुलींना कागदाचे कपटे दिले आणि नाव न घालता लिहायला सांगितलं : कुणी त्रास दिला तर घरी सांगाल का? बहुतेक कपट्यांवर 'नाही' होतं. एकीने कारणही लिहिलं होतं, 'सांगितलं की शाळा बंद'. दुसरीने लिहिलं होतं, 'फोन काढून घेतात'. तिसऱ्या कपट्यावर फक्त 'लगीन लावत्याल'.

वाचा हे पुन्हा. त्रास देणारा मोकळा फिरतो आणि सांगणाऱ्या मुलीची शाळा सुटते. एवढी जबर किंमत असेल तर कुठली शहाणी मुलगी तोंड उघडेल? तिला 1098, 112 पाठ करायला लावतो आपण. जरूर लावा. बालकांसाठी 1098, कुठल्याही तातडीला 112, ऑनलाइन पैशांच्या फसवणुकीला 1930 हे नंबर पाठ हवेतच. नंबरांबरोबर हेही शिकवा की कुणी फोटोवरून धमकावलं तर मेसेज पुसून टाकायचे नाहीत, स्क्रीनशॉट काढून ठेवायचा, पैसे द्यायचे नाहीत आणि त्याच दिवशी विश्वासातल्या मोठ्या माणसाला गाठायचं. पण ते मोठं माणूस आधी तयार करा. किशोरी गटाची दर तिसरी बैठक आयांची आणि बापांची घ्या. त्यांच्याकडून मुलींच्या देखत कबूल करून घ्या, की तू सांगितलंस म्हणून तुझी शाळा बंद होणार नाही, तुझं लग्न ठरणार नाही. बाप येत नाहीत ही सबब मला मान्य नाही. ग्रामसभेच्या दिवशी पारावर जा, सापडतील.

लग्नाचंही स्पष्ट सांगा. अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं 2006 च्या कायद्याने गुन्हा आहे. खेड्यात हे लग्न थांबवण्याची जबाबदारी असलेला बालविवाह प्रतिबंध अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवक. हे किती मुलींना माहीत आहे? जो माणूस रोज ग्रामपंचायतीत दिसतो, ज्याच्याकडून दाखला घेतो, त्याच्याकडेच जायचं असतं, हे मुलींना सांगायला मेळावा लागत नाही. एकदा गटाला त्याच्या टेबलापर्यंत नेऊन उभं करा. ओळख झाली की पाय अडखळत नाही.

शाळेतल्या मोठ्यांनाही एक गोष्ट सांगते. अठराखालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही जो कळवत नाही, तो 2012 च्या पॉक्सो कायद्याने स्वतः गुन्हेगार ठरतो. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाला वर्षापर्यंत. 'शाळेचं नाव खराब होईल, गप्प बस' असं मुलीला सांगणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं.

मुलींच्या गटाची कल्पना नवी नाही. 1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बॉय स्काउटांचा मेळावा भरला. त्यात काही मुली स्वतःच गणवेश जमवून बिनबोलावता शिरल्या आणि आम्हीही स्काउट आहोत म्हणाल्या. त्यातून दुसऱ्या वर्षी गर्ल गाईड सुरू झाल्या आणि 1911 मध्ये आपल्याकडे जबलपूरला पहिलं पथक उभं राहिलं. अ‍ॅग्नेस बेडन-पॉवेल यांनी भावासोबत काढलेलं 1912 चं गाईडांचं पुस्तक साम्राज्याच्या अभिमानाने भरलेलं आहे, तेवढं सोडून द्या. पण घरात शिरलेल्या चोराला आठ इंच दोरीने कसं बांधून ठेवावं, हे त्यात मुलींना सविस्तर शिकवलंय. शंभराहून जास्त वर्षं झाली त्याला. आज आपल्या कितीतरी शाळांत गाईडचा गणवेश 26 जानेवारीच्या संचलनापुरता कपाटातून निघतो आणि संध्याकाळी परत आत जातो. ज्या चळवळीचं ब्रीदच 'तयार राहा' आहे, तिच्यातल्या मुलीला दोराची एक गाठ येऊ नये याची शरम वाटायला हवी.

तयार राहायचं म्हणजे काय, ते घरात बघा. दहा वर्षांची मुलगी भाकरी थापते, पण सिलिंडर संपला की रेग्युलेटर बसवायला दादाला हाक मारतात. दादा घरी नसताना गॅसचा वास आला तर? गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन करायचा. हे फळ्यावर लिहून येत नाही. रिकामा सिलिंडर गटात आणा आणि प्रत्येकीला रेग्युलेटर दहा वेळा काढायला-बसवायला लावा.

सायकलचं तेच. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. फार चांगलं काम आहे. पण मी त्याच गावात एका पडवीत अशी सायकल बघितली. मागचं चाक बसलेलं, सीटवर कोंबडीची शिट. पंक्चर झाल्याला महिना झाला होता आणि बापाला वेळ नव्हता. मुलगी चालत जात होती, कधी जात नव्हती. ट्यूब बाहेर काढायची, हवा भरून पाण्याच्या परातीत दाबायची, बुडबुडे आले तिथे खूण करायची, काचकागदाने घासायचं, सोल्युशन लावून सुकू द्यायचं आणि पॅच दाबायचा. एका रविवारचं काम आहे. ते येत नाही म्हणून मुलीची शाळा बुडते आणि आपण मात्र तिला आत्मविश्वासावर व्याख्यानं ऐकवतो.

सापाचं थोडक्यात. आपल्याकडचे प्रमुख विषारी चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. चावलं तर आवळून बांधायचं नाही, ब्लेडने चिरायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे तर मुळीच न्यायचं नाही. हात किंवा पाय हलू न देता 108 बोलवा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखाना गाठा. सरपणाला आणि गवताला मुलीच जातात. हे त्यांना तोंडपाठ हवं.

आता विहीर.

उन्हाळ्यात कुठल्याही गावात जा. विहिरीत पोरं धबाधब उड्या मारत असतात. पाठीला रिकामा डबा किंवा प्लास्टिकचा कॅन बांधलेला, कमरेला दोर, दोराचं टोक काठावरच्या बापाच्या हातात. पूर्वी वाळलेला भोपळा बांधत. चार दिवसांनी डबा सुटतो आणि पोरगा पोहायला लागतो. त्याच विहिरीवर त्याची बहीण पाणी शेंदते, शेवाळलेल्या पायरीवर बसून धुणं धुते. वर्षाचे बारा महिने पाण्याच्या तोंडाशी ती उभी असते आणि पाण्यात उतरायला शिकतो तो भाऊ. तिला कुणी डबा बांधला नाही. मोठी झाली, कपडे ओले होतील, लोक काय म्हणतील.

मग वर्तमानपत्रात बातमी येते. एकीचा पाय घसरला, तिला वाचवायला दुसरी गेली, दुसरीला वाचवायला तिसरी. गेली कितीतरी वर्षं मी या बातम्या वाचतेय आणि प्रत्येक वेळी मला तो डबाच दिसतो.

पोहता न येणाऱ्या मुलीला निदान एवढं शिकवा, की मैत्रीण बुडताना मागोमाग उडी घ्यायची नाही. ओरडायचं, रिकामा कॅन नाहीतर घागर तिच्याकडे फेकायची, आडवं झोपून काठी, दोर किंवा ओढणी पुढे करायची. छातीभोवती घातली तरी आवळत न जाणारी दोराची गाठ गाईडमध्ये शिकवतात. ती प्रत्येकीच्या हाताला डोळे मिटूनही आली पाहिजे. पण हे तात्पुरतं झालं. खरं तर तिला पोहायला शिकवा. ओढणी काढून, सलवार-कुडत्यात शिकवा. सकाळी एक तास विहीर मुलींची, असं ग्रामपंचायतीने ठरवून टाकावं.

अंगणवाडीच्या ताईंनो, गाईडच्या बाईंनो, बचत गटातल्या मावश्यांनो, येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मेळावा घेऊ नका. हारतुऱ्यांचे पैसे वाचवा. कमी पाण्याची, धड पायऱ्यांची एक विहीर बघा. एक मजबूत दोर, चार रिकामे कॅन आणि पोहता येणारी एक बाई, तशी बाई मिळाली नाही तर मुलींचे बाप काठावर उभे करा. एका वेळी दोघींनाच उतरवा. मला बोलावलंत तर मी दोर धरायला येईन.