डोळे उघडे राहू द्या

माळीण, ३० जुलै २०१४. तळिये, २२ जुलै २०२१. इरशाळवाडी, १९ जुलै २०२३. तिन्ही तारखा जुलैच्या. तिन्ही वेळा मुसळधार पाऊस, तिन्ही वेळा अंगावर आलेला डोंगर. आणि योगदिन येतो २१ जूनला, म्हणजे ऐन त्या दिवसांत, जेव्हा या डोंगरांवर पावसाळा सुरू होतो.

दरडीतून वाचलेल्या माणसाचं तेव्हा काय होत असेल, याचा विचार आपण करतो का? पत्र्यावर पाऊस वाजू लागला की झोप उडते. ओल्या मातीचा वास तुम्हाआम्हाला सुखावतो. त्याच्या छातीत तो धडधड सुरू करतो. डोंगर केव्हाच थांबला, पण शरीरापर्यंत ती बातमी पोचलेलीच नाही. याचं नाव आघात. त्याला भित्रेपणा म्हणू नका, देवाचा कोप म्हणू नका आणि ‘आता विसरा’ असं तर मुळीच सांगू नका. विसरणं हातात असतं, तर तो तुमच्या सांगण्याची वाट पाहत थांबला नसता.

अशा माणसाला योगाचा उपयोग होतो का? होतो. २००४च्या त्सुनामीनंतर आठ महिन्यांनी तमिळनाडूतल्या छावण्यांमध्ये १८३ जणांना घेऊन अभ्यास झाला. ज्यांना योगातलं श्वसन शिकवलं, त्यांचा त्रास सहा आठवड्यांत, उपचारासाठी प्रतीक्षेत ठेवलेल्या गटापेक्षा ठळकपणे उतरला. २००८ साली बिहारमध्ये कोसीला पूर आला. तिथे २२ पूरग्रस्त पुरुषांच्या दोन गटांपैकी एकाने आठवडाभर योग केला. त्या गटाची खिन्नता कमी झाली. योग न केलेल्या गटाची चिंता मात्र त्याच आठवड्यात वाढली. २०१४ साली अमेरिकेत बेसेल व्हॅन डर कोक या मनोविकारतज्ज्ञाने ६४ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षं उपचार घेऊनही आघातातून बाहेर न आलेल्या या स्त्रिया. त्यातल्या एका गटाला दहा आठवडे, आठवड्यातून तासभर योग दिला. शेवटी योगगटातल्या ५२ टक्के स्त्रियांना आघातविकाराचं निदान लागू होईनासं झालं. आरोग्यशिक्षणाच्या वर्गात बसलेल्यांत हेच प्रमाण २१ टक्के होतं. गट लहान आहेत, म्हणून चमत्काराची भाषा नको. पण हात झटकून मोकळं व्हायलाही आता जागा नाही.

मात्र या स्त्रियांना कोणता योग दिला, तेही विचारा. मैदानात ध्वनिक्षेपक लावून शिकवलेला तो योग नव्हता. बॉस्टनजवळच्या एका आघात-उपचार केंद्रात डेव्हिड इमर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आघातग्रस्तांसाठी पद्धत घडवली, तिचे नियम साधे आहेत. डोळे मिटायची सक्ती नाही. शिक्षक कोणाच्या अंगाला हात लावून आसन सुधारत नाही. काय जमलं, काय नाही, याचे गुण नाहीत. नको वाटलं तर थांबायचं. आणि प्रत्येक सूचना ही सूचनाच असते, हुकूम नसतो.

आपल्या शिबिरांची भाषा ऐका. ‘ताठ बसा. डोळे मिटा. श्वास रोखा. शरीर सैल सोडा.’ सगळी क्रियापदं आज्ञार्थी. ज्या माणसाच्या आयुष्यात एका रात्रीत सगळं त्याला न विचारता घडलं, त्याच्यावर पुन्हा न विचारता आज्ञा! आघाताने पहिला घास घेतलेला असतो तो माणसाच्या मर्जीचा. मर्जी परत मिळणं हाच उपचाराचा गाभा. हात किती उचलायचा, श्वास कधी सोडायचा, हे पुन्हा आपलं आपण ठरवता येतं, हे शरीराला समजलं पाहिजे. मराठीत आज्ञार्थाशेजारीच विध्यर्थ आहे. ‘हात उचला’ऐवजी ‘वाटलं तर हात उचलून बघावा’ म्हणता येतं. एवढ्याने आसन बिघडत नाही, माणूस मात्र सावरतो.

परदेशातल्या वर्गात ‘शवासन’ हा नुसता आवाज असतो. मराठी कानाला त्यातलं ‘शव’ लख्ख ऐकू येतं. इरशाळवाडीत २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. आपल्या माणसाचं शव ज्यांच्या नजरेला पडलं नाही, त्यांना ओळीने उताणं झोपवून शवासन सांगायचं? ‘डोळे मिटले’ याचा मराठीत दुसरा अर्थ काय होतो, तो त्यांना सोसावा लागला आहे. रात्रीच्या अंधारात चिखलाखालून निघालेल्याला अंधार आणि निश्चल पडणं विश्रांतीचं वाटेलच, हे कोणी ठरवलं? त्याला भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून, डोळे उघडे ठेवून बसू द्या. तेही ध्यानच. पायाखालची जमीन जाणवली, समोरचं झाड दिसलं, एक श्वास सावकाश बाहेर गेला, तरी त्या दिवसापुरतं पुष्कळ झालं.

यावर ‘मग परंपरा बाटते’ असं कोणी म्हणेल. त्यांनी आपलीच परंपरा नीट बघावी. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापलं आणि योगक्रियांना प्रयोगाच्या कसोटीवर घातलं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, दोर, पट्टे, लाकडी ठोकळे आणले आणि ज्याचं शरीर आसनापर्यंत पोचत नव्हतं, त्याच्यापर्यंत आसन पोचवलं. आखडलेल्या गुडघ्याला ठोकळा चालतो. मग धास्तावलेल्या मनाला उघडे डोळे का चालू नयेत?

आता दुसरी गोष्ट, आणि ती सरकारला. आधी छप्पर, मग चटई. संकटातल्या मानसिक आधाराबद्दल २००७ साली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांचा पाया हाच आहे: सुरक्षितता, अन्न, निवारा तळाशी, त्यावर कुटुंबाचा आणि गावाचा आधार, मग प्रशिक्षित मदत, आणि ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी डॉक्टर. योग या रचनेतली एक पायरी आहे. कंटेनरच्या घरात दिवस काढणाऱ्या, पक्क्या घराच्या कागदासाठी हेलपाटे घालणाऱ्या माणसाला ‘मन शांत ठेवा’ सांगणं हा त्याचा अपमान आहे. हेलपाटे थांबवा, मन अर्धं तिथेच शांत होईल. आणि ज्याला जीव नकोसा झालाय, त्याला प्राणायामावर सोडू नका. ‘टेलि-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक आहे, जिल्हा रुग्णालय आहे. तिथपर्यंत त्याच्यासोबत कोणीतरी जायला हवं.

ते कोणीतरी कोण? शिबिर घ्यायला आलेला पाहुणा तिसऱ्या दिवशी परत जातो. आशा ताई तिथेच असते. अंगणवाडी सेविका तिथेच असते. कोणाचा मुलगा रात्री दचकून उठतो, कोणती बाई पाऊस आला की उंबऱ्यात येऊन बसते, हे त्यांना माहीत असतं. शिकवायचं तर त्यांना शिकवा. नीट, सावकाश, आणि त्यांच्या आघाताची आधी विचारपूस करून, कारण गाडली गेली ती त्यांचीही माणसं. आणि या कामाचे वेगळे पैसे द्या. फुकटच्या ओझ्याखाली वाकलेली बाई दुसऱ्याला ताठ बसायला शिकवू शकत नाही.

१९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लोक घराच्या भिंतींना घाबरून कित्येक महिने उघड्यावर झोपत होते. तेव्हा आपल्याला एवढं ठाऊक नव्हतं. आज ठाऊक आहे.

म्हणून योगशिक्षकांना एकच मागणं. तुमची तळमळ खरी आहे, दरडग्रस्त वस्तीवर जरूर जा. पण शवासनाची वेळ आली की थांबा, आणि म्हणा, ‘ज्याला पडावंसं वाटेल त्याने पडावं, बसावंसं वाटेल त्याने बसावं. डोळे उघडे राहिले तरी चालतील. दार उघडंच आहे.’ बाहेर पाऊस सुरू असेल. कोणीतरी उठून दारात जाईल. जाऊ द्या. तो परत येऊन चटईवर बसला, तर ते त्याचं स्वतःचं ठरवणं असेल.