एक सेमिस्टर आधी आलेला

जर्मनीतल्या आखनमध्ये मराठी पोरांचा तुटवडा नाही. पुण्या-नाशिक-सांगलीकडच्या मेकॅनिकलवाल्यांना इथल्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाची ओढ जुनीच. त्यांत अबोल असतात, रडके असतात, आल्या आठवड्यात प्रेमात पडणारेही असतात. पण हमखास भेटणारा आणि दर सहा महिन्यांनी नव्याने तयार होणारा गडी एकच : आपल्याआधी एक सेमिस्टर आलेला.

दोन वर्षांपूर्वी आलेला कुणाला काही शिकवायला जात नाही. त्याचा थिसिस अडकलेला असतो, केस मागे हटलेले असतात आणि ‘कसं चाललंय?’ याला तो ‘चाललंय’ एवढंच म्हणतो. सल्ल्याची हौस सहा महिनेवाल्याला. कालपरवापर्यंत हाच गडी बसमध्ये पास कुणाला दाखवायचा म्हणून गोंधळून उभा असायचा. आता त्याचं वाक्य ‘आमच्या वेळी’पासून सुरू होतं.

स्टेशनवर घ्यायला मात्र तोच येतो, भर पावसात. दोनांतली जड बॅग न सांगता उचलतो आणि पहिला प्रश्न विचारतो, “कुकर आणलास?”

“आणलाय, दादा.”

“रात्री दहानंतर शिट्टी नाही. रविवारी तर अजिबात नाही. इथे असं नसतं.”

‘इथे असं नसतं’ हे त्याचं पालुपद. भांडी आपटणं, जिन्यात मोठ्याने बोलणं, फोडणी देताना खिडकी बंद ठेवणं, यातलं इथे काहीच नसतं. खिडकीवर तर त्याचा विशेष जीव. बाहेर शून्य अंश असो, तो येऊन खिडकी सताड उघडणार आणि दहा मिनिटं कुणाला लावू देणार नाही. भिंतीला बुरशी धरली तर घरमालक डिपॉझिट कापतो, हे तो अशा कळवळ्याने सांगतो की कुणाचं डिपॉझिट कापलं गेलं ते विचारायची सोय राहत नाही.

पैशाच्या बाबतीत तो वडीलधारा. व्हिसासाठी घरच्यांनी वर्षाचे 11,904 युरो खात्यात अडकवून ठेवलेले असतात आणि त्यातून महिन्याला 992 सुटतात. आपलेच पैसे, पण हप्त्याने. युरोचे शंभर रुपये धरले की गुणाकार सोपा होतो आणि जीव वरखाली. नवं पोर कोथिंबिरीच्या चार काड्या हातात धरून पुटपुटायला लागलं की हा अंगावर येतो, “रुपयांत मोजायचं नाही! रुपयांत मोजशील तर उपाशी मरशील.” डोनर कबाबच्या दुकानाबाहेर भावफलक वाचताना त्याचे स्वतःचे ओठ हलतात, ते आपण पाहिलं नाही असं समजायचं.

त्याचं खरं साम्राज्य सुपरमार्केटातल्या बाटल्यांच्या मशीनपाशी. प्लॅस्टिकची रिकामी बाटली परत केली की 25 सेंट मिळतात, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीला आठ. स्वस्त दुकानात तर पाण्यापेक्षा बाटली महाग. निळ्या पिशव्या घेऊन तो मशीनपुढे उभा राहतो, एकेक बाटली बुडाकडून आत सरकवतो, आतला कडकड आवाज ऐकतो, मग पुढची. मागे रांग वाढते, पण त्याची लय मोडत नाही. एखादी चेपलेली बाटली मशीनने परत फेकली की तो ती तोंडाने फुगवतो, लेबल तळव्याने सपाट करतो आणि पुन्हा आत घालतो. बाहेर आलेली पावती तो थेट काउंटरवर देत नाही. आधी आपल्याला दाखवतो.

जर्मनीत रविवारी दुकानं बंद. नव्या पोराला हे दुपारी एक वाजता, घरात कांदा नसताना कळतं. मग हा गूढ हसतो आणि त्याला बसमध्ये बसवून फाल्सला नेतो. फाल्स नेदरलँड्समध्ये, तिथलं सुपरमार्केट रविवारी उघडं. सीमा कधी ओलांडली ते मोबाइलवर स्वागताचा मेसेज आला की समजायचं. पोराची पहिली युरोपयात्रा अशी दोन किलो कांद्यांसाठी घडते आणि घरी फोटो जातो तो नेदरलँड्सचा.

गाव दाखवायची जबाबदारीही त्याचीच. एलिझेनब्रुन्ननच्या गरम झऱ्यापाशी सडक्या अंड्यांचा वास आला की, “गंधक आहे, घाण नाही,” असं तो झरा स्वतः खोदल्यासारखा सांगतो. मग कॅथेड्रल. 1978 साली जागतिक वारशाची पहिली यादी झाली त्यातलं, शार्लमेनने बांधलेलं, 936 ते 1531 इथे जर्मन राजांचे राज्याभिषेक झाले, सगळं तोंडपाठ. सिंहासन मात्र त्याने पाहिलेलं नाही. त्याला तिकीट काढून गाइडबरोबर जावं लागतं.

जर्मन त्याचं काउंटरपुरतं. ‘पिशवी नको’, ‘कार्डने देतो’, ‘तुमचाही दिवस छान जावो’ हे झरझर येतं. समोरच्याने यापुढे काही विचारलं की तो मान डोलावतो. त्याच्या पाकिटात ज्या दुकानांची सभासद कार्डं आहेत, ती सगळी या डोलावण्यातून आलेली.

एवढा हा जाणता माणूस, पण त्याचा आईला फोन लागतो तेव्हा स्वयंपाकघराच्या आसपास असावं. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, म्हणजे तिकडे झोपायची वेळ.

“आई, हिंग आधी की मोहरी आधी?”

“अरे, किती वेळा सांगू तुला! मोहरी तडतडू दे आधी. आणि खिडकी लाव, गार वारा दिसतोय.”

खिडकी तो मुकाट्याने लावतो.

परवा तो आम्हा नव्यांना काचेचा कचरा टाकायला घेऊन गेला. पांढरी, हिरवी, तपकिरी अशा तीन टाक्या. जॅमची बरणी पांढरीत, वाइनची बाटली हिरवीत, असं प्रात्यक्षिक चालू असताना पिशवीतून एक निळी बाटली निघाली. क्षणभर थांबून त्याने ती पांढऱ्या टाकीच्या तोंडाशी नेली. तेवढ्यात कुत्रा फिरवणाऱ्या एका जर्मन आजी थबकल्या, त्याच्याकडे पाहून काहीतरी बोलल्या आणि काठी हिरव्या टाकीकडे रोखली. हा मान डोलावून हसला, आभार मानले, बाटली हिरवीत टाकली आणि आमच्याकडे वळला.

“निळी कायम हिरवीत. लक्षात ठेवा, आजकालच्या पोरांना हे माहीत नसतं.”

संध्याकाळी ग्रुपवर त्याचा मेसेज आला, तीन लाल उद्गारचिन्हांसकट. खाली आम्ही सगळ्यांनी अंगठे दिले.