थेंबे थेंबे टाकी आटे

जुनी मोटरसायकल बाळगणाऱ्याला ती चालवण्यापेक्षा तिच्याबद्दल बोलायला जास्त आवडतं. सिग्नलला शेजारच्या पोराने "काका, मॉडेल कुठलं?" एवढं विचारायची खोटी, सिग्नल सुटतो, मागचे हॉर्न बडवतात आणि मी अजून कार्बोरेटरपर्यंतही पोचलेलो नसतो. शंभर सीसी, फोर-स्ट्रोक, रंग मूळचा, टाकी मूळची, पेट्रोल कॉकसुद्धा मूळचा!

तो मूळचा कॉक गळायला लागला. वास पहिल्यांदा आला पहिल्या मजल्यावरच्या काकूंना. "अरे, बघ रे तुझ्या गाडीला काय झालंय ते!" मिस्त्रीकडे जायचा प्रश्नच नव्हता. सिग्नलवर इतकी वर्षं दिलेल्या व्याख्यानांचं मग काय करायचं?

पेट्रोलची गळती शोधणं म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमध्ये निनावी तक्रार कोणी केली ते शोधण्यासारखं आहे: ओल एकीकडे, उगम भलतीकडे. शिवाय पेट्रोल उडून जातं, मागे नुसता पिवळट डाग. म्हणून कॉक कोरडा पुसला, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि खाली फतकल मारून बसलो. संशयित तीन: टाकीच्या सांध्यातली ओ-रिंग, खालच्या वाटीची रिंग आणि खटक्यामागचा रबरी वायसर. थोड्या वेळाने खटक्यामागची पावडर ओली झाली. गुन्हेगार सापडला. जिन्यावरून जाणारं कोणी विचारेल म्हणून मी तसाच बसून राहिलो. कोणी विचारलं नाही.

आता खटक्याचा विषय निघालाच आहे तर रिझर्वबद्दल बोलायलाच हवं. इंजेक्शनवाल्या गाड्यांच्या पिढीला हे सुख ठाऊक नाही. त्यांना दिवा लागतो. आम्हाला गाडी आचके द्यायची. धावत्या गाडीवर डावा हात गुडघ्याशी न्यायचा, न बघता खटका फिरवायचा आणि मागे बसलेल्या व्यक्तीला काही कळू द्यायचं नाही, याला गाडी चालवणं म्हणत. कित्येकांची लग्नाआधीची सगळी प्रतिष्ठा या एका हालचालीवर तरली आहे. चेतकवाल्यांची कळ सीटखाली. ते तेवढ्यासाठी असे वाकत, की मागचीला वाटे नमस्कारच करताहेत. आणि पुष्कळांची समजूत अशी, की रिझर्वची टाकी वेगळी. कसली वेगळी! टाकीच्या आत एक उभी नळी असते. ऑनवर पेट्रोल तिच्या वरच्या तोंडातून येतं. पातळी त्या तोंडाखाली गेली की पुरवठा बंद, मग खटका फिरवला की तळाजवळचं भोक उघडतं. सगळी श्रीमंती त्या नळीच्या उंचीएवढी! महिनाअखेरीला तिने किती घरांची लाज राखली असेल! अर्थात, पेट्रोल भरल्यावर खटका परत ऑनवर न आणणारेही होतेच. वऱ्हाडात गाडी ढकलत येणारे ते हेच.

तर, टाकी अंगणात नेऊन रिकामी केली, दोन बारीक स्क्रू काढले, लाटांसारखी स्प्रिंग बाजूला केली आणि रबर हातात आलं. दगडासारखं कडक. भोकांभोवती घासून घासून बारीक चंद्रकोर उमटलेली. रोज रात्री कॉक बंद करायची माझी शिस्त. रबर झिजलं ते या शिस्तीनेच! त्यात टाकीच्या तळातला गंज. आणि हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनी रबरं त्यासाठी घडवलेलीच नाहीत. इथेनॉल उसापासूनही होतं, तेव्हा या झिजेत कोल्हापूर-सांगलीचाही थोडा हात असावा.

दुकानात गेलो तर, "वायसर सुटा येत नाही, अख्खा कॉक घ्या." दुसऱ्या दुकानातही तेच. इथे मात्र मला खरंच राग येतो. रुपयाच्या नाण्याएवढं रबर झिजलं म्हणून धडधाकट कॉक भंगारात का टाकायचा? शेवटी नाना पेठेत एका म्हाताऱ्या दुकानदाराने काही न बोलता खालचा खण ओढला आणि वायसर काढून दिला. त्यांना मॉडेलची माहिती सांगायला लागलो, तर म्हणाले, "सुटे द्या."

वायसर बसवताना सहज वर पाहिलं. आमच्या इमारतीत गाड्या जिन्याखाली लागतात आणि जिन्याखालीच सगळ्या बिऱ्हाडांचे मीटर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचून राहते. वर जुनी वायरिंग, खाली डझनभर टाक्या आणि काकूंना उतरायला तो एकच जिना. त्यांचे गुडघे दुखतात. एक मजला उतरायला त्यांना किती वेळ लागतो ते मी रोज पाहतो. एरवी मी त्यांच्या तक्रारींना हसतो. त्या दिवशी नाही हसलो.

तेव्हा, ज्यांच्या गाडीला अजून खटका आहे, त्यांनी गाडी लावली की तो बंद करावा. कार्बोरेटरची सुई झिजली असेल, तर उघड्या कॉकमधून पेट्रोल रात्रभर फरशीवर सांडतं, नाहीतर इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. बंद करून करून रबर झिजेल, झिजू दे. रबर बदलता येतं.

आणि मॉडेल कुठलं, ते सिग्नलला भेटा, सांगतो.