काच पाहावी वितळवून

शोभेची काच करणाऱ्याला दोन गोष्टी लागतात: विजेची भट्टी आणि कौतुक. भट्टी विकत मिळते. घरात कौतुकाचा साठा अगदीच मर्यादित, म्हणून सरबताच्या हिरव्या बाटलीची केलेली बशी घेऊन मी मंडई गाठली. निमित्त फोटोचं: बशीत लिंबं, मागे मंडईचं अष्टकोनी शिखर.

लिंबवाल्या मावशींनी चार लिंबं ठेवली. चारही गडगडत खाली.

"दादा, जरा खोलगट नाही करता आली?"

मी शास्त्र काढलं. आठशे अंशांच्या आसपास काच मऊ होऊन पसरते. पुढे साडेपाचशेच्या सुमाराला थांबवून रात्रभर निववायची. घाई केली तर आत ताण राहतो आणि बशी पुढे कधीतरी कपाटात बसल्या बसल्या तडकते. दोन जातींच्या काचा जोडल्या तर निवताना सारख्या आकसत नाहीत, तडा जातोच.

"आमच्या सूनबाईचं आणि माझं तसंच," मावशी म्हणाल्या.

एवढं ऐकून घेणारं माणूस मिळाल्यावर मी थांबतो थोडाच! समोर टिळकांचा पुतळा होता, त्यामुळे पैसाफंडावर आलो. अंताजी दामोदर काळे माणशी वर्षाला एक पैसा मागत गावोगाव हिंडले, टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगावात काचकारखाना उभा राहिला. तिथून ओगलेवाडी, तिथून प्रभाकर कंदील... मावशी लिंबांवर पाणी शिंपडत होत्या. मधूनच एखादा थेंब बशीवर पडे आणि हिरवी काच अशी उजळे, की मी काळ्यांना तळेगावातच सोडून बशीकडे बघत राही.

पैसा देणाऱ्यांपैकी कुणाला भिंतीवर लावायला बशी नको होती. त्यांना इथली काच हवी होती, कंदिलाच्या चिमणीला. आणि मला एकमेकींशी जुळणाऱ्या रंगीत काचा हव्या असल्या की मी त्या अमेरिकेतून मागवतो, वर मित्रांना कौतुकाने खोकं दाखवतो. टिळकांसमोर उभं राहून हे आठवलं की चीड येते. हल्ली बाटल्या वितळवतो त्या म्हणूनच. (त्या फुकट मिळतात, हेही एक.)

"केवढ्याला?" मावशींनी विचारलं.

"साडेचारशे."

"आणि लिंबं एकही राहत नाही!"

बशी अजून विकायची आहे. खोलगट नाही. गरजूंनी भेटावं; एक पैसा कमी होणार नाही.